एकशे सतरा नंबर

"ताई, ही एकशे सतरा कुठं चालली, बगा जरा."

शनिवारी संध्याकाळी सहाला दहा कमी असताना आमच्या पॅनल शॉपमध्ये वायरिंग करणारे मामा डिझाइनच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. ते आत येत नाहीत. बुटांना बसबारचा, म्हणजे पॅनलमधल्या धातूच्या पट्ट्यांचा कीस चिकटलेला असतो, तो फरशीवर सांडेल म्हणून उंबऱ्यावरूनच बोलतात. एका हातात चार घड्या घातलेला ए-थ्रीचा प्रिंट, घडीवर अंगठ्याचा काळा ठसा. दुसऱ्या हातात फेरूलची, म्हणजे वायरच्या टोकाला ओवायच्या नंबर छापलेल्या मण्यांची, प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी एक जोडी काढून तळहातावर ठेवली. ११६. मग दुसरी, ११८. मधली नव्हती. "प्रिंटवर लिवलीय एकशे सतरा. लिस्टमदी न्हाई, पिशवीत बी न्हाई."

मी फाइल उघडली. स्टार-डेल्टा स्टार्टरचं कंट्रोल, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत उठवून मग डेल्टावर नेणारं. कॉन्टॅक्टर म्हणजे कॉइलनं ओढला जाणारा स्विच. स्टार कॉन्टॅक्टरच्या एनसीच्या, म्हणजे तो ओढला नसताना जोडलेल्या राहणाऱ्या संपर्काच्या २२ वरून निघालेली रेघ खाली डेल्टाच्या कॉइलकडे, तिच्या ए१ या टोकाकडे जात होती. दिसायला तर जात होती. मी माउसचं चाक फिरवत आत आत गेले. झूम करताना रेघ जाड होत नाही, तिच्या भोवतीचं सगळं तेवढं मोठं होत जातं, आणि मग कधीतरी खरं काय ते दिसतं. रेघ ए१ च्या अलीकडेच थांबली होती. मोजलं तर सव्वा मिलिमीटर. नेमकं त्या फटीवर 'ए१' हे अक्षर येऊन बसलं होतं, म्हणून प्रिंटवर कुणाच्या नजरेला आलं नाही. एफ३ दाबलं, रेघेचं टोक धरलं, ए१ वर नेऊन टेकवलं. दोन सेकंदांचं काम.

"सॉफ्टवेअर करतं असं कधीकधी, मामा," मी म्हणाले. "फेरूल सोमवारी छापून देते."

"असंल की," मामा म्हणाले, आणि प्रिंटची घडी नीट घालून निघून गेले.

त्या 'असंल की'नं माझा रविवार खाल्ला. आमच्या परभणीकडे हा शब्द फार कामाचा आहे. त्यात होकार नसतो, नकारही नसतो. समोरचा खोटं बोलतोय हे कळलंय, पण चारचौघांत त्याची लाज काढायची नाही, तेव्हा माणसं 'असंल' म्हणतात. मामा मानवतकडचे, मी सेलूची. दोघांनाही या शब्दाचा अर्थ पक्का माहीत आहे, हीच अडचण.

सॉफ्टवेअरनं काहीही केलं नव्हतं. शुक्रवारी रात्री त्या कॉइलवर वरच्या ओळीतली अक्षरं चढत होती म्हणून मी ती जरा खाली सरकवली. वायरसकट सरकवायची वेगळी कमांड आहे, स्कूट. ती वापरली असती तर रेघ आपोआप मागोमाग गेली असती. मी सवयीनं साधं मूव्ह मारलं, आणि मागे राहिलेलं टोक नुसत्या डोळ्याच्या अंदाजानं खाली ओढलं. ओस्नॅप, म्हणजे टोक नेमक्या बिंदूला आपोआप चिकटवणारी सोय, तेवढ्यात नको त्या बिंदूला चिकटत होता, म्हणून एफ३ दाबून तोही बंद केलेला. मग ऑडिट चालवायचं राहिलं. चालवलं असतं तर त्यानं चटकन बोट ठेवलं असतं की ह्या वायरचं एक टोक मोकळं आहे. पण कंपनीची बस सुटायची वेळ झाली होती आणि बजाजनगरला जायला नंतर रिक्षाशिवाय काही मिळत नाही. एवढं सगळं माझं, आणि नाव सॉफ्टवेअरचं.

हे काम न करणाऱ्यांना सांगून पटत नाही, पण ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये वायर म्हणजे दुसरंतिसरं काही नसून एक साधी रेघच असते. वायरच्या लेयरवर, म्हणजे ड्रॉइंगमधल्या वायरच्या थरावर असली की ती वायर. तीच रेघ दुसऱ्या लेयरवर गेली की नुसतं चित्र. रंग तोच, जाडी तीच, पण तिच्यातून काही वाहत नाही, तिला नंबर पडत नाही. रेघेचं टोक जोडाच्या बिंदूपाशी पोचलंय की नाही हे सॉफ्टवेअर अंतर मोजून ठरवतं. केसभर फरक ते माफ करतं. त्यापुढे गेलात की त्याच्या लेखी तो जोडच नाही, मग माणसाला कितीही जोडलेलं दिसो. आणि वायरला निदान दोन टोकं सापडली तरच ती 'इथून तिथे'च्या यादीत येते. एकशे सतराला एकच टोक होतं. यादीनं ती गाळली, यादीवरून फेरूल छापल्या जातात म्हणून फेरूलही आली नाही. साखळी बरोबरच होती. पहिली कडी तेवढी माझ्या हातून सुटली.

मामा सांगतात की ते कामाला लागले तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेननं ड्रॉइंग काढत, आणि त्याच्या अमोनिया प्रिंट निघत. प्रिंटची गुंडाळी उघडली की डोळ्यांत पाणी यायचं. चूक झाली तर ब्लेडनं शाई खरवडायची, जास्त खरवडलं तर कागदाला भोक. मला त्या काळाची ओढबिढ वाटत नाही. एका पॅनलसाठी महिना महिना वाकून बसायची माझी तयारी नाही. पण एक गोष्ट त्या कागदात होती. तिथे फट असली तर ती फट दिसायची. रेघ पोचली की पोचली. आता रेघेची दोन रूपं झालीत, एक डोळ्याला दिसणारं आणि एक आतल्या आकड्यांतलं, आणि दोघांचं जुळतंच असं नाही.

खरं तर हेच पॅनल मी गेल्या पंधरवड्यात फार मन लावून साफ केलं होतं. कापसाच्या जिनिंगचा जुना मालक, जुनं ड्रॉइंग. त्यानं पाठवली ती पीडीएफ, आणि पीडीएफची केलेली डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल. ज्यांनी असल्या फायली उघडल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. एक सरळ वायर म्हणून ज्याच्यावर क्लिक करावं तो निघतो चाळीस तुकड्यांचा हार. अक्षरं अक्षरं उरलेली नसतात, 'मोटार' लिहिलेलं असतं आणि ती असते बारीक काड्यांची मोळी. एकाच जागी तीन रेघा एकमेकींवर पडलेल्या. सगळं शून्य लेयरवर. सिम्बॉल फोडलेले, म्हणजे कॉइल ही कॉइल नाही, चार रेघांचा चौकोन. दोन वायर एकमेकींना ओलांडतात तिथे जुन्या माणसानं अर्धगोल उड्या काढल्या होत्या. त्या उड्या वेगळ्या पडलेल्या, आणि उडीच्या दोन्ही बाजूंना वायर तुटलेली.

सुरुवातीला ओव्हरकिल चालवते. नाव आडदांड आहे पण काम घरकामासारखं : एकावर एक पडलेल्या रेघा काढायच्या, तुकडे सांधून एक करायचे. त्यात टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल तो आकडा, भरावा लागतो आणि तिथेच नवशिके फसतात. आकडा मोठा भरला की ती शेजारी शेजारी असलेल्या दोन खऱ्या वायरींनाही एकच समजून एक गिळून टाकते, आणि खाली लिहून येतं, इतक्या वस्तू काढल्या. कोणत्या, ते सांगत नाही. मी टॉलरन्स जवळजवळ शून्य ठेवते आणि बाकीचं हातानं करते. कोपरे न जुळलेले असले तर फिलेट, त्रिज्या शून्य. दोन रेघा एका टिचकीत एकमेकींना भेटतात. हा आवाज नसलेला प्रकार आहे, पण मला दर वेळी 'टक्' ऐकू येतं. मग लोंबणारी टोकं ट्रिम करायची. मग एकेक रेघ उचलून योग्य त्या वायर टाइपवर न्यायची : फेजच्या लाल, पिवळ्या, निळ्या, न्यूट्रल काळी, कंट्रोल करडी. शेवटी ड्रॉइंग ऑडिट, आणि ते बिनबोभाट आकडा सांगतं, शून्य लांबीच्या वायर इतक्या.

शून्य लांबीची वायर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले होते. सुरुवात आणि शेवट एकाच बिंदूवर, दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि तरी फाइलमध्ये आहे, नंबर मागते. माऊसनं चुकून दोनदा क्लिक झालं की जन्माला येते. आई सुपात जवारी निवडायची तेव्हा ती खडे शोधत नसे. तिचं बोलणं शेजारणीशी चालू असे, नजर दारात, आणि बोटं मधेच थांबत. त्या थांबलेल्या बोटाखाली खडा असे. मी तिच्यासारखं निवडायला बसले की मला खडे दिसायचे नाहीत आणि जेवताना वडिलांच्या, अण्णांच्या दाताखाली यायचे. तेव्हा घरात कुणी काही बोलत नसे, अण्णा फक्त चावणं थांबवत. त्या शांततेपेक्षा ओरडलेलं बरं वाटायचं. आता ऑडिटची यादी पडद्यावर येण्याआधीचे दोन सेकंद मला तसेच वाटतात.

ह्या साफसफाईत एक सुख आहे, ते लपवून काय करू. सकाळी नऊला जी फाइल म्हणजे काटेरी बोराटी असते, ती चारच्या चहापर्यंत शाळेच्या हजेरीपटासारखी होते. वर फेज, खाली न्यूट्रल, मधे समान अंतरानं उभे खण, प्रत्येक खणात वरून खाली वाचत यावं असं. पगार ह्याचा वेगळा मिळत नाही. साहेबांना विचाराल तर ते म्हणतील, ड्रॉइंग रिवाइज केलं. ग्राहक तर पहिलं पान उघडून आपलं नाव बरोबर आहे का एवढंच बघतो. रेघा सरळ केल्याचं कळतं ते फक्त वायरिंग करणाऱ्याला, आणि तेही त्याचा कुठे खोळंबा झाला नाही एवढ्याच रूपात. म्हणून तर ती फट मला जास्त लागली. पंधरा दिवस दुसऱ्या कुणाचा कचरा उपसला आणि जाताजाता माझा स्वतःचा एक खडा टाकून ठेवला.

पण मी रविवारी गॅलरीत कपडे वाळत घालताना कुढत होते ते फटीवर नव्हतं. चूक होते. टेस्टिंगला सापडलीच असती : मोटर स्टारवर उठली असती, टायमर पडल्यावर स्टार सुटला असता, डेल्टा ओढलाच नसता आणि मोटर हळूहळू थांबली असती. कुणीतरी चार शिव्या दिल्या असत्या. मी कुढत होते त्या वाक्यावर. इतक्या पटकन कसं आलं ते तोंडात? विचारही करावा लागला नाही.

आमच्याकडे लाइट गेली की पहिला प्रश्न असतो, कुठून गेली? आणि उत्तर ठरलेलं, वरूनच. वरूनच गेली म्हणजे आपल्याकडे काही करण्यासारखं नाही, फ्यूज बघायला उठायचं नाही, डीपीवर जायचं नाही. खाटेवर आडवं व्हायचं. मी लहान असताना मला वाटायचं की 'वर' म्हणजे खरोखरच वर, आभाळाच्या बाजूला कुठेतरी एक मोठं बटण आहे. ते बटण कधी मनमाडला असायचं, कधी परळीला, सांगणाऱ्याच्या तोंडी जे येईल ते. आता आमचं 'वरूनच' म्हणजे सॉफ्टवेअर. सर्व्हर. सिस्टिम. बँकेतला माणूस म्हणतो, तहसीलमधला म्हणतो, मी म्हणते.

अण्णांनीही एकदा म्हटलं होतं.

मी तेव्हा सहावीत असेन. विहिरीवर पाच एचपीची मोटर होती. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आमचा रात्रीचा आठवडा. डीपीपासून आमच्या स्टार्टरपर्यंत ॲल्युमिनियमची केबल टाकलेली, आणि ती मधे एका ठिकाणी उंदरानं का नांगरानं तोडलेली. झिरो वायरमनला, म्हणजे खऱ्या वायरमनच्या जागी काम करणाऱ्या खासगी माणसाला बोलवलं तर तो दोनशे रुपये आणि वर पार्टी मागायचा. अण्णांनी स्वतःच जोड मारला. मी बॅटरी धरून उभी होते म्हणून मला नीट आठवतं. त्यांनी इन्सुलेशन दातांनी सोलून काढलं, तारा एकमेकींना पीळ घातला, पक्कड नव्हती म्हणून बोटांनीच, आणि वर काळी टेप. टेप मात्र सढळ हातानं, सुरेख, तिरपी तिरपी, जशी आखाड्यावर पहिलवान मनगटाला पट्टी बांधतात. लांबून बघितलं तर तो जोड अख्ख्या केबलमधली सगळ्यात मजबूत जागा वाटायची.

ॲल्युमिनियमचं असं आहे की उघडं पडलं की त्यावर लगेच पापुद्रा धरतो आणि तो पापुद्रा वीज जाऊ देत नाही. पीळ सैल असला तर जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. हे मला पुढे डिप्लोमाला कळलं. त्या आठवड्यात एवढंच झालं की तिसऱ्या रात्री मोटरचा आवाज बदलला. आधी घुं, मग जाड, ओढल्यासारखा घुंईईई, आणि मग वास. जळालेल्या वॉर्निशचा वास एकदा नाकात गेला की तो जन्मभर ओळखू येतो, थोडा गोडसर असतो. आतल्या तीन फेजपैकी एक गेला होता आणि मोटर उरलेल्या दोनवर ओझं ओढत राहिली होती. ओझं वाढलं की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले का सुटला नाही? कारण तो सारखा सारखा सुटतो म्हणून स्टार्टरच्या आत काडी खोचून ठेवलेली होती. गावात सगळ्यांच्याच स्टार्टरमध्ये असायची.

सकाळी अण्णा टेप सोलत होते तेव्हा मी शेजारी होते. आत दोन तारा एकमेकींना शिवलेल्याही नव्हत्या. टोकं काळी, एक तर वितळून गोळी झालेली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी केबलकडे. घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "वरूनच एक फेज गेला. जळाली मोटार." आई म्हणाली, मेले ते लाइटवाले. रिवाइंडिंगला सेलूला मोटर गेली, त्याचे पैसे माझ्या सख्ख्या मामाकडून आणले, आणि पुढे कितीतरी वर्षं, लग्नकार्यात विषय निघाला की 'वरून फेज गेला आणि आमची मोटार जळाली' ही गोष्ट घरात सांगितली जायची. आई तर फार रंगवून सांगायची. अण्णा ऐकत राहायचे. मी कधी बोलले नाही. ते बरोबर केलं का ते आजही सांगता येत नाही. मला अण्णांचा राग नव्हता आला. उलट त्या सकाळपासून आमच्यात एक गुपित आहे याचा मला जरा अभिमानच होता. मुली असल्या गोष्टी सांभाळून ठेवतात.

अण्णा जोडाच्या बाबतीत असे, आणि बांधाच्या बाबतीत मात्र सुतासुताचे. भावकीतलं कुणी दर साली नांगराचा एक तास, म्हणजे एक ओळ, बांधाला लावून जायचं, बांध कोरायचं. वर्षाला वीतभर. पेरणीआधी अण्णा बांधावरून चालत जायचे आणि पावलं मोजायचे. मोजणी आणली की मोजणीदार नकाशा पसरायचे, आणि आजोबांच्या वेळचे निजामाच्या राजवटीतले उर्दू कागद घेऊन कुणीतरी परभणीला वाचून घ्यायला जायचं. नकाशात रेघ एक, जमिनीवर बांध दुसरीकडे, आणि दोघेही भाऊ म्हणायचे की आमची रेघ खरी. मला त्या वयात मोठी गंमत वाटायची की एवढ्या मोठ्या माणसांना एक रेघ सापडत नाही. आता मी रेघांचाच पगार घेते, आणि माझ्या धंद्यात उलटा हिशेब आहे. आमच्याकडे रेघ आधी, तांबं नंतर. रेघ चुकली तर तांबं इमानदारीनं तशीच चूक करतं.

करतं असं आपलं मी म्हणते. कारण मधे मामा असतात.

सोमवारी बसमधून उतरल्यावर मी आधी खोलीत गेले आणि अख्ख्या प्रोजेक्टचं ऑडिट चालवलं, सतरा पानं. तीन शून्य लांबीच्या निघाल्या, एक नंबर कुठल्याच वायरला न लागलेला, नुसता हवेत तरंगणारा, आणि आणखी एक फट, बाराव्या पानावर, सायरनच्या लाइनमध्ये. तीही माझीच. सगळं नीट केलं, प्रिंट काढले, फेरूल प्रिंटरला रिबन भरली. तो प्रिंटर पहिले इंचभर कोरी नळी वाया घालवतो आणि मग कुरकुरत छापायला लागतो. ११७, ११७. पांढऱ्या नळीचे दोन मणी, अजून गरम. सायरनच्या दोन वेगळ्या कापून घेतल्या. सगळं मुठीत घेऊन मी खाली शॉपवर गेले.

आमच्या शॉपला एक वास आहे, पावडर कोटिंगचा आणि हीट गन लावलेल्या श्रिंक स्लीव्हचा मिळून. सकाळी तो जरा कमी असतो. सात-शून्य-तीन-दोन या करड्या शेडचं ते पॅनल दार उघडं टाकून उभं होतं, आत करड्या वायरींचे झुपके चॅनलमध्ये बसवलेले, चॅनलची झाकणं अजून खाली पसरलेली. मामा स्टुलावर बसून चहा पीत होते. मी आत डोकं घातलं आणि माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

वायर टाकलेली होती.

स्टार कॉन्टॅक्टरच्या २२ पासून निघालेली, चॅनलमधून वळून बरोबर डेल्टाच्या ए१ पाशी आलेली एक करडी वायर. पुरेशी लांबी सोडून, दोन्ही टोकं सोललेली आणि सोललेली तार हलकेच पीळ देऊन मागे वाकवून ठेवलेली. लग, म्हणजे टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी, दाबलेला नव्हता. लग एकदा दाबला की त्यावरून फेरूल सरकत नाही, ती आधीच ओवावी लागते. मामांनी फक्त त्या दोन मण्यांसाठी दोन्ही टोकं मोकळी ठेवली होती. बाकी त्या पॅनलचं सगळं कंट्रोल संपलेलं.

"मामा, तुम्हाला माहीत होतं की ही कुठं जाते."

"स्टार-डेल्टा हाय ताई. स्टारची एनसी डेल्टाच्या कॉइलला जायची न्हाई तर कुठं जायची? इंटरलॉक हाय ते." त्यांनी कप खाली ठेवला. "आपून टाकतोच की. पण तिकडं जिनिंगमदी रातच्याला कोण उभं राहणार? धा-पंधरा हजारावरचं पोरगं. अंगावर सगळी रुई, डोळ्यात झोप. त्ये नंबर बगूनच वायर धरतंय. नंबर न्हाई दिसला की टायमरवरून डायरेक्ट मारतंय कॉइलला. चालती मग मोटार. एकांद दिवस स्टार चिकटून बसला की झालं, दोन्ही एकदम आत, डायरेक्ट शॉर्ट. आन् भवताली कापूस."

ते हे माझ्याकडे न बघता बोलत होते, क्रिम्पिंग टूल पुसत. म्हणजे शनिवारी ते विचारायला आलेच नव्हते. वायर कुठे जाते हे त्यांना माझ्या आधी, मी आठवीत असल्यापासून माहीत होतं. ते मला सांगायला आले होते, आणि सांगण्याची रीत म्हणून विचारलं होतं. उंबऱ्यावर उभं राहून. आणि मी त्यांना सॉफ्टवेअरची गोष्ट ऐकवली.

मी म्हणाले, "मामा, शनिवारी ते सॉफ्टवेअरचं नव्हतं. माझ्याकडूनच—"

"सायरनची बी आणली का?"

सायरनच्या फटीबद्दल मी अजून बोललेच नव्हते. मी मूठ उघडून दाखवली. चार मणी.

"मंग ती बाजू धरा," मामा म्हणाले. ते ए१ पाशी वाकले. मी २२ पाशी. वायर माझ्या दोन बोटांत होती, तिचं पीव्हीसी थंड, टोकाला तांब्याची पिळलेली शेंडी. मी फेरूल ओवली. मामांनी त्यांच्या बाजूचा लग दाबला, टूलचा कट्कट् आवाज आला, त्यांनी ओढून बघितला. मग टूल माझ्याकडे दिलं. मी कधी तरी डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला लग दाबला होता, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. दाबला. ओढला. निघाला नाही.

मामा चष्मा कपाळावर सरकवून माझ्या खांद्यावरून बघत होते.

"उलटी घातली ताई."

खरंच उलटी होती. नंबर कॉन्टॅक्टरच्या बाजूला तोंड करून, समोर उभं राहणाऱ्याला डोकं खाली करून वाचावा लागेल असा. एकशे सतराचं ठीक आहे, पण इंग्रजी सहाचा असाच नऊ होतो, ते म्हणाले. मामांनी खिशातून कटर काढून माझ्यापुढे धरला. मी लग कापला, टोक नव्यानं सोललं, फेरूल फिरवून घातली.